माझ्या भावाचं वेल्डिंग

माझा जन्म पार्स्यातला, पेडणे तालुका, आणि पहिलंच सांगून ठेवतो, मी मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलोय म्हणून तुमच्याशी मराठीत बोलतोय, पण राग आला की घरातली भाषा तोंडात येणार, ती तशीच लिवा, पुसून गुळगुळीत करू नका. राग येणारच आहे. ज्या गोष्टीसाठी तुम्ही आलात ती रागाचीच आहे.

बाप आमचा दुसऱ्यांच्या काजूच्या डोंगरावर राबायचा, हंगामात बोंडू मळायचा, फेणीची भट्टी लावायचा, बाकीच्या दिवसांत नारळ सोल, कुंपण घाल, जे मिळेल ते. आम्ही दोघे भाऊ, थोरला वामन आणि मी गुरुदास. मी सहा वर्षांचा होतो तेव्हा आई गेली, मगे घरात बाईमाणूस असं कोण नव्हतंच, वामनच मला न्हाऊ घालायचा, वामनच सकाळी पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंगा ऐकून धावत जायचा आणि उंडे, ते गोल पाव, घेऊन यायचा, एक बापाला, एक मला, आणि स्वतः अर्धा खायचा. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी त्याच्याबद्दल जे बोलणार ते ऐकून तुम्हाला वाटेल हा माणूस भावाचा वैरी आहे. वैरी आहेच मी. पण तो अर्धा उंडा मी विसरलो नाही.

वामन म्हापशाला एका ग्रीलवाल्याकडे वेल्डिंग शिकला. डावखुरा तो. काय सांगू तुम्हाला काय हात होता, लोखंडाला लोखंड असं लावायचा की नंतर हात फिरवून बघा, कुठे जोडलंय ते कळायचं नाही. मगे त्याला डिचोलीच्या खाणीवर वर्कशॉपमध्ये काम लागलं आणि दोन वर्षांत त्याने मलाही ओढून घेतलं. साहेबासमोर उभा राहून म्हणाला, माझा भाऊ आहे, मी त्याची हमी घेतो. मी मेकॅनिककडे, तो वेल्डिंगला. टिप्परची, म्हणजे खनिज वाहणाऱ्या ट्रकांची कामं, रात्रंदिवस नाही पण दिवसभर पाठ सरळ करायला वेळ नसायचा, लाल धूळ नाकात, कानात, डब्यातल्या भाजीत. पण बरे दिवस होते. मी लग्न केलं, शोभा घरात आली, वामनचं आधीच झालेलं, पार्स्याच्या घरात सगळे एकत्र.

आता ती गोष्ट. ही सांगितल्याशिवाय पुढची कळायची नाही. एका टिप्परचा स्टिअरिंगचा रॉड गेला. नवीन रॉड यायला चार दिवस होते आणि बंदरात खनिजासाठी जहाज लागलेलं, साहेब डोक्यावर बसलेला, गाडी पाहिजे म्हणजे पाहिजे. वामनने तो मोडका रॉड घेतला, कापला आणि जोडला. मी तिथेच होतो, मीच तो परत बसवला. आणि बसवताना मी बघितलं, लोखंड आत धरलेलंच नव्हतं, वरवर चढलं होतं. घाईत झालं ते, तोही माणूस आहे. मी म्हटलं, वामन, हे धरलेलं नाही. तो म्हणाला, दोन दिवस चलता रे, मगे नवो येतलोच. मी गप्प बसलो. पाना घेतला, नट आवळले आणि गप्प बसलो.

त्या टिप्परवर ड्रायव्हर होता भिकाजी, दोडामार्गकडचा. दुसऱ्या दिवशी उतारावर रॉड तुटला. गाडी कडेच्या खडकावर गेली. भिकाजीचा डावा पाय गुडघ्याखालून गेला.

चौकशी झाली. रॉडचे तुकडे कोणी उचलले, कुठे टाकले ते मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही. इंजिनीअरने मला बोलावून विचारलं, रॉड कसला होता? वामन दाराजवळ उभा होता, माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, नवा होता साहेब. झालं. लिहिलं त्यांनी. मगे ड्रायव्हर प्यालेला असणार असं कोणीतरी म्हणालं आणि ते तसंच पसरलं. भिकाजी कधी थेंब घ्यायचा नाही, सगळ्यांना माहीत होतं, तरी पसरलं. काही महिन्यांनी तो कुबड्या घेऊन वर्कशॉपमध्ये आला होता, आपली थाळी नि डबा न्यायला. मला म्हणाला, गुरु, रॉड नवा होता ना रे? मी म्हटलं, होय रे, नवा होता. त्याच्या डोळ्यात बघून म्हटलं. लिवा हे. हे गाळू नका.

मगे खाणी बंद पडल्या, ते काय तुम्हाला नव्याने सांगायला नको. सगळे उधळले. मी धारगळला हायवेच्या कडेला पत्र्याची शेड टाकली, मोटरसायकलींची कामं घ्यायला लागलो. टिप्परवर काम केलेल्या माणसाला मोटरसायकल म्हणजे भांडी घासल्यासारखं वाटेल असं मला वाटलं होतं, पण नाही, मोटरसायकल जास्त कठीण. टिप्परला काही झालं तर तो ओरडतो. मोटरसायकल कुजबुजते. आणि वामनने डिचोलीतच धंदा टाकला, जुन्या गाड्या विकायचा. आपटलेल्या गाड्या आणायच्या, सरळ करायच्या, रंग मारायचा, विकायच्या. मला माहीत होतं काय चालतं ते. मी विचारत नव्हतो, तो सांगत नव्हता. चवथीला पार्स्याच्या घरात एकत्र गणपती, एकत्र माटोळी बांधायची, गणपतीवर टांगतात ती फळापानांची चौकट, एकत्र आरती, आणि बाकी वर्षभर ज्याचं त्याला.

गेल्या वर्षी पावसाळा संपून ऊन पडायला लागलं होतं, तेव्हा एक वकील आला. म्हापशाचा. मोठी गाडी, लांबच्या प्रवासाची, दोन्ही बाजूंना पेट्या, पुढे काच. मागे बायको बसलेली. हेल्मेट काढलं नाही, नुसती काच वर केली आणि म्हणाला, ए, तू कोनसेट करतोस? आता आमच्यात सगळ्यांना तू म्हणतात, त्याचं कोणी वाईट घेत नाही, पण तू म्हणायचे पण प्रकार असतात. मी त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी मोठा. मी म्हटलं, काय झालंय गाडीला? तो म्हणाला, पुढचा ब्रेक मारला की टक वाजतं, कोनसेट ढिला आहे, आवळून दे, अर्ध्या तासात आम्हाला निघायचंय, कन्याकुमारीपर्यंत जायचंय.

कोनसेट म्हणजे हँडल ज्याच्यावर फिरतं ते बेअरिंग. ते ढिलं झालं की ब्रेक मारताना टक वाजतं हे खरं आहे, दहातल्या सात गाड्यांना तेच असतं. मी विचारलं, याआधी कोणी आवळलाय? म्हणाला, आवळलाय काय, दोनदा बदललाय, तिघांनी आवळलाय, तुम्ही सगळे मेस्त्री एकाच माळेचे. मी म्हटलं, दोनदा बदलून आवाज जात नाही तर तो कोनसेटचा नाही. तर म्हणाला, तुला जेवढं सांगितलं तेवढं कर.

मी गाडी मागितली, चालवून बघतो म्हणून. देत नव्हता. त्याची बायको उतरली आणि म्हणाली, द्या हो, चालवल्याशिवाय त्यांना कळणार कसं. ती मला ते म्हणाली, तो तू म्हणायचा. गाडी घेऊन गेलो गावातल्या रस्त्याला, शेताच्या बाजूने उतार आहे तिथे. पुढचा ब्रेक दाबला, टक. एकदाच. सोडला की परत, पण बारीक. नुसता मागचा ब्रेक मारला, काही नाही. खड्ड्यातून नेली, काही नाही. आणि हँडल हे एवढं जड, वळताना गाडी अडून बसल्यासारखी, कारण ज्याने त्याने आवळून आवळून बेअरिंगचा जीव घेतलेला. तो आवाज कानाला नव्हता हो, हाताच्या तळव्याला होता. लोखंडावर लोखंड आपटल्याचा नव्हता. काहीतरी उघडतंय आणि बंद होतंय, असा.

परत येऊन गाडी मेन स्टँडवर घेतली, पुढचं चाक अधांतरी केलं. एकेक बघत गेलो. ब्रेकचे पॅड खुळखुळतात का, थोडे खुळखुळत होते, पण तो टिक असतो, टक नाही. डिस्क हलते का, नाही. चाकाचा ॲक्सल, मधला दांडा, घट्ट. शॉकॉपचे, पुढच्या चाकाला धरणाऱ्या दांड्यांचे, पाय खालून दोन्ही हातांनी धरून पुढे मागे ओढले, कोनसेट ढिला असला तर तिथे कळतं, तसूभर पण हललं नाही. वकील फोनवर बोलत फेऱ्या मारत होता आणि दर फेरीला म्हणत होता, झालं का, झालं का, आणि फोनवर कोणाला तरी सांगत होता की इथे एका अडाण्याच्या हाताला लागलोय.

मला एक हात कमी पडत होता. मी त्या बाईंना म्हटलं, बाई, जरा ब्रेक दाबून धराल? त्या लगेच आल्या. गाडी स्टँडवरून खाली घेतली, त्यांनी पुढचा ब्रेक घट्ट धरला, मी गाडीला अंगाने पुढे रेटत होतो आणि एकेका जोडावर बोट ठेवत होतो. बोटाला खोटं सांगता येत नाही. शॉकॉपवर ठेवलं, नाही. खाली जिथे दोन्ही शॉकॉप धरलेले असतात तिथे ठेवलं, नाही. मगे बोट वर नेलं, टाकीच्या पुढच्या टोकाखाली, जिथे चासीची, गाडीच्या सांगाड्याची, मान सुरू होते, आणि गाडी रेटली. तिथे. बोटाखाली कातडी हलावी तसं हललं. त्या बाई म्हणाल्या, मला हा धक्का महिनाभर मांड्यांना लागतोय, मी सांगते तर हे म्हणतात तुझ्या मनाचे खेळ. मी म्हटलं, तुम्हीच बोट ठेवा. त्यांनी ठेवलं. मी रेटली गाडी. त्यांनी बोट असं मागे घेतलं, चटका बसल्यासारखं.

मी टाकी काढायला घेतली तर वकील धावत आला. टाकी कशाला काढतोस? बिल वाढवायचे धंदे कळतात मला. मी काढलीच. मानेच्या खाली रंगाला केसाएवढी चीर, आणि चिरेतून तांबूस ओघळ आलेला. सुरीच्या टोकाने खरवडलं तर रंगाखाली लांबी, पत्र्याचे खड्डे बुजवायला भरतात ती, ती सुटून खपली निघावी तशी निघाली. खाली वेल्डिंग. कोणीतरी ही मान कापून परत जोडली होती, वरून ग्राइंडर मारून सपाट केलं होतं, लांबी भरली होती, रंग मारला होता. म्हणजे गाडी कधीतरी समोरून आपटलेली. आणि आता ते वेल्डिंग अर्ध्यापेक्षा जास्त उघडलं होतं, प्रत्येक ब्रेकला उघडत होतं, मिटत होतं.

मी टॉर्च घेऊन आतल्या बाजूला बघितलं, जिथे ग्राइंडर पोचत नाही. तिथे वेल्डिंगची ओळ होती तशीच होती. खवल्यांची, आणि सगळे खवले उलट्या बाजूला झुकलेले.

डावखुऱ्याचा हात. पण नुसतं तेवढंच नाही, डावखुरे वेल्डर ढीगभर असतील. ओळ संपते तिथे तो एक छोटासा आकडा मारायचा, मागे वळवून, मी बारा वर्षं त्याच्या शेजारी काम केलंय, मला तुम्ही अंधारात दिलं तरी ओळखीन. शिरां पडो त्याच्या तोंडार, म्हटलं मी. मनात म्हटलं. तोंडाने विचारलं, गाडी कुठून घेतली? वकील म्हणाला, डिचोलीतून, कधीही आपटलेली नाही असं त्याने लिहून दिलंय मला.

काय सांगू तुम्हाला, तेव्हा मला सोपं होतं. टाकी लावायची, हात पुसायचे, म्हणायचं हे माझ्याच्याने होत नाही, दुसरीकडे न्या. कोणाचं काही गेलं नसतं, म्हणजे माझं. पण मला तो भिकाजी दिसला, कुबड्या काखेत आणि हातात थाळी. मी उठलो, गाडी परत मेन स्टँडवर चढवली, नट काढला, पुढचं चाक काढलं आणि ॲक्सल घेऊन घरात गेलो. घर शेडच्या मागेच आहे. ॲक्सल कपाटात ठेवला, कुलूप लावलं, चावी खिशात. शोभा म्हणाली, ह्यां काय? मी म्हटलं, तू मधे पडू नको.

बाहेर येऊन वकिलाला म्हटलं, ही गाडी आता चालायची नाही. पुढच्या मोठ्या ब्रेकला ही मान सुटली तर चाक पुढे जाईल आणि तुम्ही दोघे मागे राहाल, रस्त्यावर. टेम्पो आणा, गाडी त्यात घाला, चाक लावून देतो. चालवत न्यायला देत नाही.

मगे जे काय सुरू झालं. तुझी लायकी काय, तू कोण मला अडवणारा, माझी गाडी डांबून ठेवतोस, तुला आत घालतो, तुझी शेड कुठल्या जागेत आहे ते बघतो. शेजारचा टायरवाला, चहावाला, जाणारे येणारे, सगळे जमले. आणि त्याने काय केलं, डिचोलीला फोन लावला, जिथून गाडी घेतली तिथे, आणि स्पीकरवर टाकला. म्हणाला, हा धारगळचा मेस्त्री म्हणतो गाडीची मान जोडलेली आहे. आणि फोनमधून माझ्या भावाचा आवाज. म्हणाला, खंयचो मेस्त्री? हायवेवयलो? गुरुदास? अहो वकीलसाहेब, तो माझा सख्खा भाऊ, आमचं घराचं भांडण आहे, तो माझ्या धंद्यावर जळतो, त्याचं काय ऐकता.

घराचं भांडण. आमचं कधी भांडण नव्हतं हो. त्या क्षणापर्यंत नव्हतं.

वकिलाला तर हत्यारच मिळालं. म्हणजे हा तुझा सूड, आणि त्यात माझी गाडी. त्याने पोलिसांना फोन केला. हवालदार आला, ओळखीचाच, पेडण्याचा. मला बाजूला घेऊन म्हणाला, गुरुदासा, वकील आहे तो, ॲक्सल दे आणि मोकळा हो, उद्या पडला तर तुझं काय जातं? मी म्हटलं, हवालदार, हेच मी एकदा केलंय. त्याला कळलं नाही. शोभा दारात येऊन ओरडायला लागली, तुमका काय पडलेला, गाडी त्येंची, जीव त्येंचो, दी रे देवा त्येंका ता लोखंड. टायरवाला माझ्याकडे बघून हसत होता. सगळा जमाव माझ्याविरुद्ध, सांगतो तुम्हाला, एक माणूस माझ्या बाजूने नव्हता. एक ती बाई सोडून. ती स्टुलावर बसली होती आणि म्हणाली, मी या गाडीवर बसणार नाही, तुम्हाला जायचं तर एकटे जा. नवरा म्हणाला, तुला काय कळतं? ती म्हणाली, माझ्या बोटाला कळलंय.

आणि तेवढ्यात वामनची पिकअप आली. डिचोलीहून एवढ्या लवकर कसा आला देव जाणे. उतरला तो सरळ माझ्यापर्यंत. साठीला आलेला माणूस, श्वास लागलेला. म्हणाला, आक्साल दी. मी म्हटलं, देणार नाही. म्हणाला, गुरु, लोकांसमोर तमाशो करू नको, दी. मी म्हटलं, तू ये, बघ आत, आणि सांग ही ओळ कोणाची. तर माझ्या कानापाशी येऊन म्हणाला, तुका वेल्डिंग दिसता, सख्खो भाव दिसना?

माझ्यात जे भडकलं ते सगळं बाहेर पडलं. मी म्हटलं, भाव दिसलो म्हणून भिकाजीचो पाय गेलो. मोठ्याने म्हटलं. सगळ्यांसमोर सांगितलं, रॉड जोडलेला होता, याने जोडला, मी बसवला, आणि चौकशीत मी खोटं बोललो, नवा होता म्हणालो, आणि बिचाऱ्याला दारुड्या ठरवला. वामनने माझ्या तोंडात मारली. उलट्या हाताने नाही, सरळ, पूर्ण हाताची. लहानपणी पण त्याने मला कधी मारलं नव्हतं.

हवालदार मधे आला. मी तोंड पुसलं आणि म्हटलं, एक मिनिट, मगे काय ते करा. लांब पाईप घेतला, खाली शॉकॉपच्या मधून घातला, हवालदाराला म्हटलं, तुम्ही हा पुढे दाबा, तुमच्या हाताने, माझ्या नको. आणि शोभाकडून दाढीचं पातं मागवून घेतलं. हवालदाराने पाईप दाबला, चीर उघडली, आणि मी पातं आत घातलं. सबंध पातं गेलं. पाईप सोडला, चीर मिटली, पातं आत चावून धरलं. तसंच राहिलं ते, उभं. वकील वाकून बघत राहिला किती तरी वेळ. वामनने बघितलं नाही. रस्त्याकडे तोंड करून उभा होता.

तुम्हाला वाटेल आता वकील माझे हात धरणार. शिरां त्याची. म्हणाला, तू आणि तुझा भाऊ दोघांना कोर्टात उभं करतो. जाताना पण तूच म्हणाला. मी ॲक्सल आणून दिला, चाक लावलं, गाडी वामनच्याच पिकअपमध्ये चढवली, वामन आणि मी दोन बाजूंनी धरून, दोरी त्याने बांधली, गाठ मी तपासली. ती बाई रिक्षाने गेली. जाताना हात जोडले तिने मला. वकिलाने मगे वामनवर केस टाकली, आणि मला साक्षीदार म्हणून नोटीस. दोनदा जाऊन आलो म्हापशाला. वामनच्या वकिलाने मला विचारलं, तुम्ही तेव्हा खोटं बोललात तर आता खरं कशावरून? मी म्हटलं, कशावरून नाही, पातं घेऊन बघा. लोक हसले. अजून चालू आहे ते.

पण त्या दिवसानंतर मला जेवण जाईना. तिथे हायवेवर मी टायरवाल्याला, चहावाल्याला भिकाजीचं सांगितलं होतं, फक्त भिकाजीला नव्हतं. आठवड्याने बस पकडून दोडामार्गला गेलो, विचारत विचारत घर काढलं. छोटं दुकान आहे त्याचं, साबण, विडी, पोरांचा खाऊ. मला ओळखलं त्याने. बस म्हणाला नाही, पाणी विचारलं नाही. मी उभ्यानेच सांगितलं. रॉड जोडलेला होता, मला माहीत होतं, तुला तोंडावर खोटं सांगितलं.

 त्याने मागे वळून बायकोला हाक मारली, ती हात पुसत आली, आणि मला म्हणाला, आता हिका सांग. मी सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला. म्हणाला, शेजारच्याला बोलवा. शेजारी आला. ह्येका सांग. मी सांगितलं. मगे त्याचा मेव्हणा रस्त्याने जात होता, त्याला थांबवला, ह्येका सांग, आणि मोठ्यान सांग, ह्योच म्हणा होतो मी पिलेलो होतंय म्हणून. मी मोठ्याने सांगितलं. चार वेळा सांगितलं, दुकानासमोर उन्हात उभा राहून. इतकी वर्षं त्या माणसाने स्वतःच्या घरात दारुड्या म्हणून काढली होती, हे मला तेव्हा कळलं. त्याने स्वतःही स्वतःलाच दोष दिलेला, म्हणाला, माका वाटायचा माझोच हात चुकलो. चौथ्यांदा सांगून झालं आणि तो म्हणाला, झाला. आता जा. परत येव नको.

मी आलो. माफ केलं का म्हणून विचारू नका, नाही केलं, आणि मी मागितलीही नाही. कोणत्या तोंडाने मागणार?

यंदाच्या चवथीला वहिनीचा फोन आला. वहिनी म्हणाली, भावोजी, तुम्ही येऊ नका, ते म्हणतात तुम्ही आलात तर मी घराबाहेर जातो. मी म्हटलं, वहिनी, घर तुमचं पण, गणपती तुमचा पण, मी येत नाही. आमच्यात गणपती मूळ घरातच, दुसरा करत नाहीत, म्हणजे त्या दिवशी मला गणपती नाही. शोभा गेली, तिला कशाला अडवू, आणि परत येऊन माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मगे म्हणाली, माटोळी वाकडी बांधली होती, तुमच्याशिवाय कोणाला सरळ येत नाही. लेक वाळपईला दिली आहे, ती फोन करून सांगते, बाबा, काकांच्या पाया पडा आणि मिटवून टाका. पाया पडायला माझी ना नाही. पण कशासाठी पडायचं ते मला कोणीतरी सांगावं. डिचोलीतले जुने वर्कशॉपवाले रस्त्यात भेटले तर तोंड फिरवतात, घरभेदी म्हणतात मला. म्हणू देत.

गिऱ्हाईक मात्र वाढलं, ह्या मोठ्या गाड्यांचं. लांब लांबून येतात, टाकी काढून मान बघा म्हणतात. बघतो. बोट ठेवून बघतो. बहुतेकांचा कोनसेटच असतो, आवळून देतो, जातात. एखाद्याच्या रंगाखाली लांबी लागली की मी आतल्या बाजूला टॉर्च मारतो, आणि ओळ उजव्या हाताची दिसली की माझा श्वास सुटतो. भलत्याचं पाप असलं तरी सुटतो. असला मी माणूस आहे.

वामनचं वाईट मी चिंतत नाही. सांगतो तुम्हाला, त्याचे डोळे शाबूत राहूदेत, हातपाय शाबूत राहूदेत, नातवंडं त्याच्या अंगाखांद्यावर खेळूदेत, माझ्यापेक्षा चार वर्षं जास्तच जगूदे तो. फक्त कोणाच्या गाडीच्या मानेला तो हात परत लागू नये, एवढंच देवाकडे मागतो. आणि लागलाच, तर ती गाडी धारगळवरून जाऊदे. झालं तुमचं? मगे उठा आता, त्या स्टुलावर मला टाकी ठेवायची आहे.